उजव्या स्पीकरची लाल वायर

माझे सासरे डूख धरणारे होते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मीही तशीच आहे. म्हणून तर लग्नानंतर सासूबाईंशी जमायला मला चार वर्षं लागली आणि सासऱ्यांशी चार दिवस.

सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. जुने रेकॉर्ड प्लेअर, व्हॉल्व्हचे अँप्लिफायर आणि कपाटाएवढाले स्पीकर ते दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली हेच दुकान. भिंतभर फळ्या, फळ्यांवर पोट उघडं टाकलेली यंत्रं, मधे लोखंडी टेबल आणि सगळ्या घरभर वायरींना डाग देताना तापलेल्या राळेचा वास. यंत्र आलं की ते आधी पेचकस हातात घेत नसत. खुर्ची ओढून समोर बसत आणि ऐकत. "काय म्हणतंय ते आधी ऐकून तरी घ्यावं," म्हणायचे. हा धीर त्यांना यंत्रांपुरताच होता. मी नवीन असताना एकदा धाडस करून म्हटलं, "बाबा, डावा स्पीकर जरा दबल्यासारखा वाटतोय." वर न बघता ते म्हणाले, "तुला काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी डावा स्पीकर उघडला. आतला कापूस सरकून आवाज काढणाऱ्या कागदी पडद्याला टेकला होता. मला काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून टॉर्च धरायला मलाच हाक मारायला लागले. त्यांची माफी मागायची रीत ती एवढीच. मी टॉर्च धरला आणि ते वाक्यही पोटात ठेवलं. माझ्याकडे अशा वाक्यांना जागा पुष्कळ.

आता त्या दातांच्या डॉक्टरांबद्दल. गावातल्या श्रोते मंडळाचे अध्यक्ष. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची ऐकायची खोली होती. जाड गालिचा, जड पडदे, छातीएवढे उंच दोन स्पीकर, दगडी लादीवर ठेवलेला रेकॉर्ड प्लेअर, आणि दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर एकच चामड्याची खुर्ची. त्या खुर्चीत बसलं की गाणारं माणूस बरोब्बर मधोमध उभं असल्यासारखं ऐकू यायचं. दर रविवारी सकाळी मंडळ जमायचं. खुर्चीत डॉक्टर, बाकीचे बाकांवर. डॉक्टर डोळे मिटून मान हलवायचे आणि त्यांची मान थांबली की मग बाकीच्यांच्या थांबायच्या.

खरं तर हे सगळं सामान होतं डॉक्टरांच्या बायकोच्या वडिलांचं. वहिनी म्हणत त्यांना सगळे. पण रविवारी वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत यायच्या आणि परत जायच्या.

एका रविवारी बाबांनी तिथे सरळ सांगितलं, "डॉक्टर, डाव्या स्पीकरच्या पडद्याची कड वाळलीय. आत्ता बदलून घ्या, नाहीतर फाटेल." नुकत्याच परदेशातून मागवलेल्या जाडजूड वायरींचं कौतुक चाललेलं, त्यात हे. डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बारा माणसांसमोर ते हसत म्हणाले, "मिस्त्री, कड नाही वाळली, तुमचे कान वाळले. आता नातवंडं खेळवा."

बारा माणसं हसली. बाबा उठून घरी आले.

दोन महिन्यांनी पडदा कडेने फाटला. दुसरा कुणी असता तर मान खाली घातली असती. डॉक्टरांनी तो शहरातून बदलून आणला आणि गावभर सांगितलं की शेवटच्या खेपेला मिस्त्रीचा पेचकस लागला म्हणून फाटला. एकेक करून मंडळाच्या लोकांनी आपली यंत्रं आमच्या फळ्यांवरून उचलून नेली. कुणी म्हणालं, घरी जागा झालीय. कुणी म्हणालं, मुलगा नवीन घेतोय. शेवटी फळ्यांवर उरले मेलेले रेडिओ. पन्नास वर्षं ज्या कानांवर माणूस उभा होता, ते कानच गेले म्हणून गावाने ठरवलं होतं. रस्त्यात लोक त्यांच्याशी मुद्दाम मोठ्याने बोलायचे. बाबा दातओठ खात ऐकून घ्यायचे. घरी येऊन मला म्हणायचे, "याचं उट्टं काढल्याशिवाय मी मरत नाही." मी म्हणायचे, "काढाच." नवरा म्हणायचा, तुम्ही दोघं जरा शांत घ्या. त्याला आम्ही मोजतच नव्हतो.

संधी डॉक्टरांनीच दिली. त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरची तबकडी एका रबरी चाकावर फिरते. ते चाक एका जागी चपटं झालं आणि प्रत्येक फेऱ्याला स्पीकरमधून गडगड ऐकू यायला लागली. तसं चाक पंचक्रोशीत एकच माणूस घासून द्यायचा. डॉक्टर स्वतः आले नाहीत, ड्रायव्हरला पाठवलं. मला वाटलं बाबा त्याला दारातूनच हाकलतील. त्यांनी पिशवी उचलली. "टॉर्च घे," म्हणाले.

डॉक्टर खाली दवाखान्यात होते. वर वहिनी एकट्याच. बाबांनी चाक बसवलं, तासभर घालवून तेलपाणी केलं, सुईचं वजन पाहिलं. हातचं काही राखलं नाही. "मशीनशी माझं भांडण नाही," म्हणाले. मग वहिनी हळूच एक रेकॉर्ड घेऊन आल्या. कडा झिजलेलं पाकीट. "ही लावून बघता का? माझ्या वडिलांची आहे. हे खाली असले की मी दुपारी ऐकते."

बाबांनी लावली. वहिनी चामड्याच्या खुर्चीत बसल्या, पाय वर घेऊन, घरातल्यासारख्या. एक बाई गात होती, सोबत एकच व्हायोलिन. गाणं संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग म्हणाल्या, "आहे. मधोमध उभी आहे." आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या आत गेल्याबरोबर बाबा उजव्या स्पीकरच्या मागे वाकले. "उजेड दाखव." मी दाखवला. दोन स्क्रू ढिले केले, लाल वायर काळीच्या जागी, काळी लालच्या जागी, स्क्रू पुन्हा घट्ट. अर्धं मिनिट. एका बाजूच्या दोन वायरी उलट्या जोडल्या की डावा पडदा पुढे येतो तेव्हा उजवा मागे जातो. खर्ज एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधोमध उभा असलेला आवाज नाहीसा होतो. तो खोलीभर पसरतो, भिंतींना चिकटतो, पण कुठेच उभा राहत नाही. यंत्राला धक्का नाही, रेकॉर्डवर ओरखडा नाही. ज्याला कान आहेत त्याच्या पहिल्या ओळीतच लक्षात येईल.

जिना उतरताना बाबा म्हणाले, "ज्या दिवशी हा ओळखेल, त्या दिवशी मी येऊन याच्या पाया पडेन." मला इतका आनंद झाला होता की टॉर्च बंद करायचंही विसरले. भर उन्हात पेटता टॉर्च घेऊन घरी आले.

डॉक्टरांनी ओळखलं नाही. आठवड्यात नाही, महिन्यात नाही, वर्षात नाही. उलट मंडळात सांगायला लागले, नव्या वायरी आता मुरल्या, आवाज बघा कसा खोलीभर पसरलाय! बाकांवरच्या माना हलल्या. कुणी आम्हाला असली बातमी आणून दिली की त्या दिवशी बाबा दोन पोळ्या जास्त खायचे. सहा वर्षं. सत्तरीचा माणूस शहात्तरचा झाला. गुडघे गेले, एक डोळा गेला, पण सूड ताजा होता. लोक म्हणतात सुडाने माणूस झिजतो. आमच्या घरी तर त्याच्यावर माणूस तगला होता.

मग मंडळाच्या वर्धापनदिनाचं आमंत्रण आलं. डॉक्टर 'ऐकावं कसं' या विषयावर सप्रयोग बोलणार होते आणि जुन्या कारागिरांना प्रशस्तिपत्रं देणार होते. बाबांनी इस्त्रीचा सदरा काढला. मी टॉर्चमध्ये नवे सेल घातले.

खोली खच्चून भरली होती. डॉक्टर अर्धा तास बोलले. एक रेकॉर्ड वाजवून दाखवली, तीच, झिजल्या पाकिटातली. मग बाबांना पुढे बोलावलं आणि फ्रेम केलेला कागद हातात दिला. मोठ्याने वाचला: "एकेकाळी ज्यांच्या कानांनी मंडळाची सेवा केली." एकेकाळी. कुणीतरी खुदकन हसलं.

बाबा जागेवर गेले नाहीत. "डॉक्टर, एक विनंती आहे. आत्ताची रेकॉर्ड परत लावा आणि गाणारी कुठे उभी आहे ते जरा बोटाने दाखवा."

डॉक्टरांनी सुई ठेवली, डोळे मिटले आणि हात सगळ्या खोलीवरून फिरवला. "सगळीकडे, मिस्त्री! हेच तर वैभव आहे."

"बरं," बाबा म्हणाले. आवाज बंद करायला लावला, प्रशस्तिपत्र माझ्याकडे दिलं आणि उजव्या स्पीकरच्या मागे गेले. गुडघ्यांमुळे वाकता येईना, म्हणून सरळ गालिच्यावर बसले. मी उजेड दाखवला. दोन स्क्रू.

सुई पुन्हा ठेवली आणि ती बाई आली. दोन स्पीकरांच्या बरोब्बर मधे, मोकळ्या जागेत, माणसाच्या उंचीवर तिचं तोंड होतं. खिडकीची काच खर्जाने थरथरली. बाकावरचे बँकेतले गृहस्थ मोठ्याने "अरे!" म्हणाले. डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं, रोज दुसऱ्यांचं उघडं ठेवणाऱ्या माणसाचं.

"सहा वर्षं," बाबा खालूनच म्हणाले. "सहा वर्षं लाल वायर काळीच्या जागी होती, डॉक्टर. मी लावली होती. आता सांगा सगळ्यांना, कान कुणाचे गेले?"

मी टाळ्या वाजवणार होते, खोटं कशाला सांगू? हात वर आलेही होते.

तेवढ्यात दारात कपांचा आवाज झाला. वहिनी ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो खाली जमिनीवरच ठेवला आणि माणसांच्या मधून वाट काढत खुर्चीपाशी आल्या. डॉक्टर उठले की त्यांनी उठवलं, मला आठवत नाही. त्या बसल्या. गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं यांना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ती मधून गेली. हे म्हणाले, तुला काय कळतं, वय झालं, कान तपासून घे. मी तपासले. कानाचा डॉक्टर म्हणाला, वयाप्रमाणे थोडं कमी झालंय. मग माझेच कान गेले, असं मी धरूनच चालले. या खोलीत यायचं सोडलं." मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. "मिस्त्री, मी तुमच्यासमोर बसून ऐकली होती. मधोमध उभी आहे, म्हणाले होते. त्यानंतर लावलीत ना वायर?"

बाबा गालिच्यावर बसलेले. त्यांना उठता येईना. सहा वर्षं त्यांनी या दिवसाची वाक्यं घोकली होती. त्यांत या बाईसाठी एकही नव्हतं.

"दोघंही बाहेर व्हा," वहिनी म्हणाल्या. "सगळेच व्हा."

मी बाबांना काखेत हात घालून उठवलं. जिन्यात डॉक्टर एका पायरीवर उभे, बाबा दुसरीवर. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. वर दाराला कडी लागली आणि रेकॉर्ड पहिल्यापासून सुरू झाली. दारातून फक्त खर्ज ऐकू येत होता.

त्यानंतर मंडळ मोडलं. लोक आपापली यंत्रं घेऊन पुन्हा आमच्याकडे यायला लागले, माफी न मागता, पण आले. गावाने बाबांना त्यांचे कान परत दिले. फळ्या भरल्या. बाबा मात्र यंत्रासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि मधेच विचारायचे, "तिने बोलावलं का?" मी म्हणायचे, "कुणी?" माहीत असून.

वर्षाने वहिनींचं बोलावणं आलं, पण मला. चाक पुन्हा गडगडायला लागलं होतं. निरोपात स्पष्ट होतं: येताना सासऱ्यांना आणू नको.

बाबांनी स्वतः चाक घासून माझ्या हातात दिलं. मी जाऊन बसवलं. मग राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी टॉर्च मी धरला होता."

"माहितीये. तिथे अंधार असतो, एकट्याला जमत नाही." त्यांनी रेकॉर्ड काढली. "आता तेव्हासारखी कर वायर."

मी केली, टॉर्च त्यांनी धरला. मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं, सुई ठेवली आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. रेकॉर्डची एक बाजू, मग दुसरी बाजू. गाणारी कुठेच नव्हती. मी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, डोळे मिटले. मी उठायला गेले तर म्हणाल्या, "बस. सहा वर्षांतला हा एक तास आहे."

तास संपल्यावर त्यांनी वायर सरळ करायला लावली. सरळ झाल्यावरचं गाणं त्यांनी मला ऐकू दिलं नाही. दार दाखवलं.

घरी बाबा पुढच्या खोलीत वाटच बघत होते. दोन यंत्रं बंद करून, दिवा लावायचाही विसरून. माझी पिशवीही खाली ठेवू दिली नाही.

"काय म्हणाली? माझं चाक नीट चालतंय ना? ती मधोमध उभी होती का?"

मी टॉर्च त्याच्या खिळ्याला अडकवला.

"मला काय कळतं?" म्हटलं, आणि आत गेले.