श्रावणभाऊंची पाळ

सुमनबाईंचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. "हे गेले, साहेब," एवढंच त्या म्हणाल्या. मग, "पयले तुमाले सांगा, असं म्हनून ठेवलं होतं त्यायनं." मलाच का, हे त्यांनी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं... श्रावणभाऊंचं म्हणणं ऐकून घेणारा साहेब मी एकटाच उरलो होतो. ऐकून घेणारा, एवढंच.

चिमूरकडच्या एका जुन्या मालगुजारी तलावाचे ते चौकीदार, रोजंदारीवरचे. मी त्या भागाचा शाखा अभियंता. मातीची पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कधीकाळी बैलांच्या खुरांनी तुडवून बसवलेली. पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि बांध्यांना लागून भाऊंचं गाव. पहिल्याच भेटीत ते मला पाळीच्या मागच्या अंगाला, पायथ्याशी घेऊन गेले. गवतात पाणी पाझरत होतं. त्यांनी ते पेल्यात धरलं आणि उजेडाकडे करून मला दाखवलं. "साफ आहे ना? साफ आहे तोवर पाळ फक्त घामेजून राह्यली. गढूळ आलं का समजा, पोटातली माती चालली." हे मी पुस्तकातून शिकलो होतो. तुम्हाला कोणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाले, "बापानं. त्याले त्याच्या बापानं."

पुढे तलावाचं पर्यटनस्थळ झालं. वाघ बघायला येणारी मंडळी जाता-येता थांबावी म्हणून नावा आल्या, बदकाच्या आकाराच्या. पाळीवर रंगीत फरशी, बाकं, दिवे आणि ओळीनं झाडं. नावांना बारा महिने पाणी हवं, म्हणून जादा पाणी जिथून वाहून जातं त्या सांडव्यावर ठेकेदारानं आडवी भिंत घातली, वर वाळूची पोती रचली. भाऊ माझ्याकडे ऑफिसात आले. "साहेब, पाळीवर झाडं काऊन लावली? उद्या झाड मेलं का मुळं सडतीन, पोटात नळ्या पडतीन. अन् सांडवा बुजवला तं पाणी जाईन कुठी?" मी अहवाल लिहिला. वरून शेरा आला, 'पाहून घ्यावे.' पाहणारा मीच होतो, आणि मलाच पाहायला सांगितलं होतं. मी पुन्हा लिहिलं. मग माझी दोन वर्षांसाठी गडचिरोलीला बदली झाली आणि, आता लपवून काय करायचं, मला सुटल्यासारखं वाटलं.

परत आलो त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास झड लागली. चार दिवस पाऊस उसंत देत नव्हता. दुपारी भाऊंचा फोन आला, "पाणी पाळीच्या माथ्याले आलं, साहेब. अन् खाली गढूळ येऊन राह्यलं." मी वरिष्ठांना फोन लावला. त्यांनी कागदावर मागितलं. मी कागद करत बसलो... तेवढ्या वेळात भाऊंनी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन एकट्यानं ती भिंत फोडली, पोती ओढून काढली. पाणी धावत सुटलं आणि संध्याकाळपर्यंत तलाव हातभर उतरला. पाळ राहिली. पण दोन नावा त्या ओढीत सापडून दगडांवर फुटल्या. गाव वाचलं की नाही हे कुणाला दाखवता येत नव्हतं. फुटलेल्या नावा मात्र सगळ्यांना दिसत होत्या.

ठेकेदारानं तक्रार केली. रोजंदारीच्या माणसाला काढायला आदेशसुद्धा लागत नाही, नुसतं सांगावं लागतं. ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. पाळीवरच सांगितलं मी. भाऊंनी मान हलवली. "ठीक आहे. मंग उद्यापासून पाळ कोन पाहीन, साहेब?" महिनाभरात सांडव्यावर पुन्हा भिंत उभी राहिली, या वेळी पक्क्या सिमेंटची.

मी निवृत्त झालो. भाऊ मात्र बिनपगारी जातच राहिले. आठ-पंधरा दिवसांनी फोन करायचे, "आज साफ आहे," किंवा "जरा मळकट वाटते." मी "बरं" म्हणायचो. दुसरं काय म्हणणार होतो?

फुप्फुसाच्या दुखण्यानं त्यांना चंद्रपूरला दवाखान्यात आणलं, तेव्हा भेटायला गेलो. बोलताना धाप लागत होती. "पाळीवर जाऊन आले का?"

"परवाच गेलो होतो," मी म्हणालो. "पाणी साफ आहे." मी गेलो नव्हतो.

"कोन्या जागी पाहिलं?"

"नेहमीच्याच."

त्यांनी डोळे मिटले. "ते जागा तं कवाचीच सुकली, साहेब. पाझर सरकला ना आता... चिचेकडे." मग त्यांनी माझा हात थोपटला, जणू आजारी मीच होतो. आमची ती शेवटची भेट.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना आणि जेवणं आटोपल्यावर, मी सुमनबाईंसोबत पाळीकडे गेलो. चिंचेजवळ वाकलो, ओंजळीत पाणी घेतलं. हातावर बारीक पिवळी माती उरली. वर पोरीबाळी बाकांवर बसून फोटो काढत होत्या, बदकं फिरत होती. दुसऱ्या दिवशी सांडवा मोकळा करावा म्हणून मी अर्ज लिहिला, निवृत्त माणसाचा साधा अर्ज. बाबूनं शिक्का मारून पोच दिली. आता तीन आठवडे झाले. रोज आभाळाकडे पाहतो, आणि ढग दिसले की त्या गावातल्या कुणाला फोन करावा आणि काय सांगावं, ते सुचत नाही.

त्या दिवशी पाळीवरून सुमनबाईंसोबत परतताना एक गोष्ट पाहिली. पाळीच्या पायथ्याशी, गवतातून एक पाऊलवाट गेली आहे. ती कोणत्या शेताला जात नाही, घराला जात नाही. पाळीच्या एका टोकापासून निघते, दुसऱ्या टोकाला थांबते. भाऊंच्या चालण्यानंच पडलेली. ते अंथरुणाला खिळले त्याला तीन महिने झाले होते, तेव्हा ती गवतानं बुजायला हवी होती. पण माती उघडी होती आणि तिच्यावर चपलांचे ताजे ठसे होते.

मी सुमनबाईंकडे पाहिलं.

"मीच जातो रोज सकाळी," त्या म्हणाल्या. "काय पाहावं ते मले समजत नाई. पर जाऊन येतो."