दुपट्टा ओला करून या

वास आला तेव्हा मी बर्फाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होते. आधी नाकात सुया टोचल्यासारखं झालं, मग डोळे मिटले ते उघडेनात, आणि श्वास घ्यायला तोंड उघडलं तर छातीत कोणी चुनकळी टाकल्यासारखी आग झाली. हॉलमध्ये आम्ही पन्नासेक माणसं होतो. मागच्या मशीनच्या खोलीतून एकच आवाज येत होता. "दुपट्टे तोंडाले लावा! पळू नका, भिंत धरून रस्त्याकडच्या दारानं निंगा!" सगळ्यांनी तोंडाला ओले दुपट्टे लावले. माझ्याकडे दुपट्टा होता, पण कोरडा होता.

ओरडणारे ते माझ्या नणंदेचे यजमान, आमचे भाऊजी. त्यांच्याइतका कटकट्या माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. हे मी त्यांच्या माघारी म्हणत नाही, चाळीस वर्षं तोंडावर म्हणत आले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवलं, पण स्वतः कधी गार पाणी प्यायले नाहीत. ऐन उन्हाळ्यात आमच्याकडे आले की सरबत बाजूला सारून चहा मागायचे. "बर्फ पाह्याची वस्तू हाय वहिनी, पोटात टाकायची नाई," म्हणायचे. खिशात कायम एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. आमच्या फ्रिजला लावला, शेजाऱ्याच्या कूलरला लावला, पुतणीच्या लग्नात आचाऱ्याच्या मिक्सरलाही लावला, आणि वरात दारात आली तरी यांचं ऐकणं चालूच. एकदा नणंद दुपारी आडवी झाली होती, तर तिच्या पाठीला पेचकस लावून म्हणाले, "बेरिंग गेलं." नणंद दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. भाऊजींना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

ज्या हॉलची मी गोष्ट सांगते आहे तो मूळचा जिनिंगचा. तिथे कापसातली सरकी काढली जायची आणि तिचे ढीग लागायचे. पुढे मालकाने तिथे बर्फाचा कारखाना टाकला. घरोघरी फ्रिज आले, लाद्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा लाद्या गोठवायचा हौद बुजवून फरशी घातली आणि बॅडमिंटनच्या रेघा मारल्या. नंतर कबड्डीच्या मॅट आल्या, चाकांचे स्केट आले, मधेच लग्नं झाली, एका हिवाळ्यात स्वेटरचा सेलही लागला. भाऊजी सगळ्यात होतेच, कधी मशीनवाले, कधी चौकीदार. येणाऱ्या प्रत्येकाला दारात अडवून हा इतिहास ऐकवल्याशिवाय ते आत सोडत नसत. "तुमी उभे हा ना, तिथं सरकी राहे. अन् तो नवरदेव बसला ना, त्याच्या बुडाखाली हौद हाय." नवरदेव उठून उभा राहिला होता.

मग मालकाला कुठल्याशा मॉलमध्ये बर्फावर घसरणारी माणसं दिसली. मागच्या खोलीत जुनं मशीन धूळ खात होतं आणि ते चालवणारा एकच माणूस जिवंत होता. फरशीवर नळ्या अंथरल्या, त्यांतून मिठाचं गार पाणी फिरवलं, वर साधं पाणी सोडलं आणि चार दिवसांत वर्ध्यात बर्फाचं मैदान झालं. भाऊजी त्याच्याकडे नातवाकडे बघावं तसे बघत. पण घसरायला येतो कोण? सावंगीची कॉलेजची पोरं यायची, धडाधड पडायची, पडल्याचे व्हिडिओ काढायची आणि निघून जायची. बाकी सगळा गाव बसायला यायचा. सिंदी मेघेच्या म्हाताऱ्या सुपं घेऊन, पेन्शनर पेपर घेऊन, एक बाळंतीण आईसकट. कडेला खुर्च्या टाकायच्या, पाय बर्फाकडे करायचे आणि ऊन उतरेपर्यंत हलायचं नाही. मालक कपाळावर हात मारायचा. भाऊजी खूश. "लोक थंडे होऊन राह्यले ना, बास," म्हणायचे.

आत सोडण्याची त्यांची एकच अट होती. दाराशी नळ होता. तिथे दुपट्टा भिजवायचा, पिळायचा, खांद्यावर टाकायचा आणि मग आत. पदर असो, ओढणी असो, गमछा असो, ओला पाहिजे. ते स्वतः थंडीतसुद्धा ओला दुपट्टा टाकूनच फिरत. लोक हसत, पण आतल्या गारव्यासाठी भिजवत. मी भिजवला नाही. आत एवढी थंडी, त्यात ओलं फडकं अंगावर घेऊन मी काय न्यूमोनिया करून घेऊ?

"वहिनी, दुपट्टा?"

"हा काय खांद्यावर."

"सुक्का हाय."

"मीही सुक्कीच हाय. सरका."

नातं आडवं यायचं, म्हणून मला सोडायचे. असं का करता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं तर ते इतिहास सांगत बसतील, ही भीती होती.

नवतपा, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, लागला तसा त्यांचा पेचकस कानावरून उतरेना. बाहेर आग, आत बर्फ, आणि मधे ते जुनं मशीन. "नऊ दिवस बंद ठेवा, ते खोकलून राह्यलं," त्यांनी मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, "तुमाले तर सगळंच खोकलतं. नवतप्यातच तर लोक येते." भाऊजींनी मग आपली खुर्ची मशीनच्या खोलीत नेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीनची नळी फुटली आणि बर्फ गोठवणारा अमोनिया सुटला.

मला दार सापडत नव्हतं. शेंगांवरून पाय घसरून मी गुडघ्यावर आले. तेवढ्यात कोणीतरी दंड धरून उठवलं आणि तोंडावर ओलं कापड दाबलं. त्याला मशीनच्या तेलाचा वास होता. "सुक्काच आणला ना!" भाऊजी एवढंच म्हणाले. मला दाराकडे ढकललं आणि उघड्या तोंडाने परत फिरले, कारण अमोनियाचा व्हॉल्व्ह बंद व्हायचा होता आणि तो कुठे आहे हे त्यांनाच ठाऊक होतं. व्हॉल्व्ह बंद झाला. ते बाहेर आले ते दोघांच्या खांद्यावर.

सावंगीच्या दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. बाहेरच्या बाकावर नणंदेने मला सांगितलं की तरुणपणी कारखान्यात असाच वास सुटला होता; तो वायू ओल्या कापडात विरतो म्हणून बाकीचे वाचले, पण यांच्या शेजारी काम करणाऱ्या माणसाचा दुपट्टा कोरडा होता. चौथ्या दिवशी त्यांचा दुपट्टा धुऊन, वाळवून, घडी घालून नेला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला. पुष्कळ वेळ चाचपला.

"सुक्का?" म्हणाले.

मी नळावर जाऊन तो भिजवून, पिळून आणला. तो त्यांनी छातीवर ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

हॉलला कुलूप आहे. पुढे तिथे काय होणार ते मला माहीत नाही, आणि आधी काय होतं ते सांगायला आता दारात कोणी उभं नाही. म्हाताऱ्या, पेन्शनर, बाळंतीण, तिचं बाळ, त्या दिवशी आलेली कॉलेजची पोरं, सगळी जगली. माझ्या नणंदेचे यजमान जगले नाहीत. मी जगले.