टोमॅटोच्या वाफ्यावरचा फवारा

"काय फवारलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"निंबोळीचं पाणी," मी म्हणाले.

आमच्या शाळेतली दुसरीतली पोर दवाखान्याच्या पलंगावर पडली होती. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं भिजलं होतं. डॉक्टरांनी बॅटरी लावून तिचे डोळे पाहिले. "निंबोळीनं असं होत नाही, आजी. नीट आठवा."

तिची आई माझ्या बाजूनं बोलली. "त्या खोटं न्हाई सांगायच्या, सायेब. पोरांचं जेवण त्याच करत्यात."

मी पदरानं पोरीची लाळ पुसली.

तासगावजवळच्या आमच्या शाळेत मी खिचडी शिजवायचे. मुलं त्यातली भाजी वेचून ताटाच्या कडेला लावायची. ही पोर तर कोथिंबिरीचं पानसुद्धा काढायची. गुरुजींनी शाळेमागं परसबाग काढली तेव्हा मी म्हणाले होते, "आय रांधून घालती ते खाईनात, हितलं काय खात्यात?" पण ज्याचा त्याला वाफा वाटून दिला आणि आपल्या वाफ्यातली मेथी मुलं मागून खाऊ लागली. या पोरीनं टोमॅटो लावले. पहिला पिकला त्यातला अर्धा मला दिला. "लय गोड हाय का न्हाई, आजी?" आंबट होता. ती मात्र मिटक्या मारत खात होती. आपण विषारी औषध मारत नाही, झाडावरचं तोडून खाल्लं तरी चालेल, असं गुरुजी मुलांना सांगायचे.

मग चवळीवर माव्याची कीड पडली. गुरुजींनी निंबोळीचा अर्क मारायला सांगितलं. मी जन्मभर लोकांच्या द्राक्षबागांत राबले, मला अर्काचं हसू आलं. घरून मुलाचा पाठीवरचा पंप आणला. त्याच्या तळाशी द्राक्षावरचं कीटकनाशक उरलं होतं. पंप आधी धुवायचा असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. न धुता त्यातच निंबोळीचं पाणी ओतलं. जराशानं काय होतंय, मावा तरी मरेल, असा विचार केला. शाळा भरायच्या आधी फवारणी उरकली. टोमॅटोचा वाफा लागूनच होता, म्हणून जाता जाता त्याच्यावरही मारलं. कुणाला काही सांगितलं नाही. पोर लवकर आली आणि आपले पिकलेले टोमॅटो तोडून खाऊन बसली.

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. मला पहिली भीती वाटली ती काम जाण्याची. पोरीची भीती नंतर वाटली. तिचा श्वास घरघरायला लागला, तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

"पंपात द्राक्षाचं औषध हुतं. मीच ऱ्हाऊ दिलं." त्याचं नावही सांगितलं.

डॉक्टरांनी लगेच सिस्टरना इंजेक्शन आणायला सांगितलं आणि आम्हाला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर तिची आई माझ्यापासून लांब सरकून बसली. म्हणाली, "मी आत्ता तुमची बाजू घेतली की वं."

 

गुरुजींनी बाग उपटून सगळं खड्ड्यात पुरलं. माझं काम गेलं, ते जायलाच हवं होतं. पोर वाचली. आता तिसरीत आहे.