पडद्याचा उजवा कोपरा

घरी सुतार आलाय. परसात त्यानं लाकूड जोडायचा सरस उकळत ठेवलाय. तो उग्र वास नाकात शिरला आणि मी थेट भोकरदनला, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पोचले.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. माझे वडील, अप्पा, नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवायचे. त्या वर्षी त्यांचा हात फार थरथरायचा, म्हणून जंगलाचा अख्खा पडदा मीच रंगवला. सरसात रंग कालवून बोटांची सालं निघाली होती. पण अप्पांनी कबूल केलं होतं, "ह्या पडद्यावर तुझं नाव टाकू." रंगवणाऱ्याचं नाव खाली उजव्या कोपऱ्यात असतं. तिथं मी मुद्दाम गवत काढलं नव्हतं, नावापुरती जागा ठेवली होती.

शेवटच्या दिवशी अप्पांनी ब्रश माझ्याच हातात दिला. म्हणाले, "लिही माझं नाव."

"तुमचं? तुम्हीच म्हणलं होतं ना?"

"पडदा गावोगाव फिरतो, बाई. त्याच्यासंगं पोरीचं नाव फिरवू का मी?"

आई दारातूनच म्हणाली, "लिही जल्दी. टेम्पोवाला येऊन राह्यला."

मी लिहिलं. अप्पांना माझ्या अब्रूची काळजी होती, अशी पुढं कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घातली. पण निम्मं नाव लिहून झालं तेव्हा ते वाकून बघत होते आणि म्हणाले होते, "जरा मोठं काढ."