होसकोट्याच्या पागेतली यमुनाक्का

यमुनाक्का घोड्याच्या ठाणात शिरण्याआधी खाकरायची. जुन्या घरांतले सासरे माजघरात येताना खाकरत, तसं. मी तेव्हा नुकताच जनावरांचा डॉक्टर झालो होतो. पहिल्याच दिवशी पिशवी घेऊन थेट आत निघालो, तर तिनं माझी बाही धरली.

"स्वल्प थांबा, अण्णा. कोण आलंय ते घोडीला कळू दे. तुमच्या घरात कुणी असं घुसलं तर चालेल का?"

होसकोट्याच्या वाटेवर एका जमीनदाराची मोठी इस्टेट होती. तिथली पागा त्यांच्या पणजोबांनी बांधलेली. अठरा ठाणं, दगडी गव्हाणी, सागवानी दारं. यमुनाक्काचा नवरा तिथं मोतद्दार होता. घोड्यांचं सगळं तोच पाहायचा. धनुर्वातानं तो गेला, आणि थोरल्या धन्यांनी त्याचं काम हिच्याकडे दिलं, कारण घोडी दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईनात. मी शहरातल्या चामराजपेटेच्या मराठी घरातला, हे कळल्यावर ती माझ्याशी मोकळी झाली. "आमचे लोक घोड्यांमागून या कानडी मुलुखात आले," ती म्हणायची, "आणि घोड्यांच्या मागेच राहिले. पुढं कधी गेलेच नाहीत." हे सांगताना ती हसायची नाही.

थोरले धनी वारले. धाकट्यांना द्राक्षमळ्याची हौस. शर्यतीची घोडी विकली गेली, रिकाम्या ठाणांत द्राक्षांची खोकी आली. पुढं सागवानी दारं काढून बंगल्याला लावली. कौलं फुटली ती कुणी बदलली नाहीत. जमीन कायम ओली, त्यामुळे उरलेल्या तीन जनावरांचे खूर सडायला लागले. मी छप्पर दुरुस्त करा म्हणून दोनदा सांगितलं. धाकटे धनी म्हणाले, "डॉक्टर, घोडीच किती दिवस राहणार आहेत?"

यमुनाक्का दर पावसाळ्यात जनावरं एका ठाणातून दुसऱ्या ठाणात हलवायची, जिथं गळत नसेल तिथं. शेवटी अशी जागाच उरली नाही. एका आषाढात पश्चिमेची भिंत बसली आणि तिच्याखाली एक म्हातारा घोडा मेला. मी पोचलो तेव्हा ती हातांनी दगड बाजूला करत होती. घोडा गेला हे तिला माहीत होतं. "तोंड तरी मोकळं करू दे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर धन्यांनी उरलेली दोन विकायला काढली. एक घोडा दूर तुमकूरकडे गेला. चांदणी नावाच्या घोडीला शहरात चिकपेटेत माल वाहणारा एक जटकावाला, म्हणजे टांगेवाला, घेणार होता, पण ती ओढकामाला चालेल असा माझा दाखला त्याला हवा होता. चांदणीचा मागचा पाय अधू होता. मला ते ठाऊक होतं. इथं ओलीत सडण्यापेक्षा तिथं कोरडं छप्पर तरी मिळेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि सही केली.

"काय लिहिलंत?" यमुनाक्कानं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"चालेल म्हणून."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि आपलं बोचकं बांधायला गेली. चांदणीला घेऊन ती दिवसभर चालत शहरात आली आणि त्या जटकावाल्याच्या चामराजपेटेतल्या तबेल्यात कामाला राहिली. जन्म गेला ती इस्टेट तिनं त्या एका घोडीसाठी सोडली.

चार महिन्यांनी मला चिकपेटेत बोलावणं आलं. कापडाच्या गाठी लादलेला जटका उतारावर कलंडला होता, चांदणी रस्त्यात पडलेली, मागचा पाय मोडलेला. भोवती गर्दी. यमुनाक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी बोलायला तोंड उघडलं.

"चूक झाली म्हणून सांगू नका, अण्णा," ती म्हणाली. "बरं केलं म्हणूनही सांगू नका. सुई द्या."

मी दिली. घोडी कायमची शांत झाल्यावर ती उठली, लुगडं झटकलं आणि तबेल्याकडे चालू लागली. बाकीची जनावरं सकाळपासून तहानलेली होती.

पुढची काही वर्षं ती तिथंच राहिली. जटके कमी होत गेले, रिक्षा वाढल्या, तबेल्याच्या निम्म्या भागात मोटारींची दुरुस्ती सुरू झाली. ती खंगत चालली. ती जायच्या चार दिवस आधी मी भेटायला गेलो. ती पागेबद्दल विचारील, असं मला वाटलं नव्हतं. तिनं विचारलं.

त्या आठवड्यातच मी होसकोट्याहून आलो होतो. खोटं बोलणं सोपं होतं, पण या वेळी मी खरं सांगितलं.

"पाडली, अक्का. कारखान्याला जागा विकली. दगडसुद्धा नेले."

तिनं अंगावरची वाकळ बाजूला सारली. मग म्हणाली, "मला उठवून बसवा." मी भिंतीला टेकवून बसवलं. तिनं पदर नीट केला.

"आता तुम्ही जावा, अण्णा. मला रडायचंय."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.