नफ्यातला निम्मा वाटा

राजेश्वर गावच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या रेणुकाचं त्या वर्षी कशातच मन लागत नव्हतं. गावच्या बोलीत, गावच्याच माणसांना घेऊन तिनं मोबाईलवर दहा भागांची मालिका केली होती. पुण्याच्या एका इंटरनेट वाहिनीनं ती उचलली. भागाला ठरावीक रक्कम घ्या, नाहीतर नफ्यात निम्मा वाटा, असं त्यांनी विचारलं. रेणुकानं वाटा निवडला.

मालिका लागली ती महिना नव्वद रुपये भरणाऱ्यांसाठीच. तिच्यात सासूचं काम केलेल्या कमलबाई शेतातून थेट रेणुकाच्या दारात आल्या.

"मी बोललेलं मलाच इकत घ्यायचं व्हय गं?"

रेणुकानं आपल्या मोबाईलवर त्यांना दोन भाग दाखवले. कमलबाई पोटभर हसल्या. जाताना म्हणाल्या, "आन् आमच्या शेजारच्या गौरम्माला कुठं दाखवू?"

सहा महिन्यांनी हिशेब आला. लोकांनी दोन लाख मिनिटं मालिका पाहिली होती. नफा मात्र शून्य. जाहिरात, सर्व्हर, ऑफिस, सगळा खर्च आधीच वजा केलेला. रेणुका फळ्यावर लिहिता लिहिता मधेच थांबायची.

"सोड की आता. कामून जीव जाळायलीस?" नवरा शिवराज म्हणाला.

"माझ्यापुरतं असतं तर सोडलं असतं. त्या कमलबाईनं शूटिंगपायी सुगीचे चार दिस बुडवलेत."

लातूर-उदगीरकडं मालिका चालली होती, म्हणून वाहिनीनं दुसरी मागितली. मधल्या सुट्टीत रेणुकानं फोन लावला.

"नफ्यातला वाटा नको. जमा होईल त्यातला द्या, खर्चाच्या आधी. बारा टक्के पुरेत. आणि पहिले तीन भाग फुकट दाखवा."

"असं आम्ही कुणालाच देत नाही, मॅडम."

"मग मालिका नाही."

फोन ठेवून ती वर्गावर गेली. आठ दिवस पुण्याहून काही आलं नाही. नवव्या दिवशी ते दहा टक्क्यांवर आणि दोन भागांवर आले. तिनं सही केली, पण त्यातला निम्मा हिस्सा काम करणाऱ्यांच्या नावावर घालायला लावूनच.

दुसरी मालिका लागल्यावर कमलबाईंच्या खात्यात पहिल्यांदा सहाशे चाळीस रुपये पडले. "येवढंच?" त्या म्हणाल्या, आणि गौरम्माला फुकटचे भाग दाखवायला निघून गेल्या.

रेणुका अजून रोज सकाळी चहाआधी आकडे उघडते. तिसऱ्या भागाला पैसे लागतात, तिथून किती जण माघारी फिरले ते बघते. मग चहा गार होतो.