फांदी नसलेली गाडी

हिराजीदादा चालू फेरीत आमची स्टाफ बस कडेला घेत, खाली उतरत आणि दुसऱ्याच कुणीतरी रस्त्यावर ठेवून गेलेले दगड उचलत. ट्रक बंद पडला की ड्रायव्हर त्याच्या मागे दगड लावतो, झाडाची फांदी तोडून ठेवतो, म्हणजे मागून येणाऱ्याला लांबूनच कळावं. दुरुस्ती झाली की ट्रक जातो, दगड तिथेच राहतात. दादा ते एकेक करून गवतात टाकत, हात पँटला पुसत आणि पुन्हा येऊन बसत. "आपला काम झाला की मागच्याला इसरतात," एवढंच म्हणत.

मी पेणला राहतो आणि रोह्याच्या एका कंपनीत हिशेब खात्यात आहे. पेणहून रोह्याला जाणारी ही बस दादांनी निवृत्त होईपर्यंत चालवली. त्यांचं घर जित्याजवळच्या गावात. तिथून स्कूटरवर पेणला यायचं आणि बस काढायची. उंच, किंचित पुढे वाकलेले, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, गालात कायम बडीशेप. उशिरा येणाऱ्यांची नोंद माझ्याकडे असे, म्हणून एकदा मी म्हणालो, "दादा, तुमच्या दगडांपायी एक दिवस सगळ्या बसचा पगार कापावा लागेल."

"कापा की. तुमचा पन तुमीच कापाल ना, सायेब? मना बघायचाय."

बस हसली. त्या दिवशी मी सगळ्यांना उशिराचा शेरा दिला, स्वतःलाही. दादांनी ते कुणाकडून तरी ऐकलं असावं. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी ते पुढची सीट राखून ठेवू लागले.

बंद पडलेली गाडी दिसली की ते थांबतच. पण त्यांची एक अट होती. एकदा नागोठण्याच्या अलीकडे एक जीप बॉनेट उघडून उभी होती आणि दोघेजण हात करत होते. दादांनी वेग कमी केला, नीट पाहिलं आणि बस पुढे काढली.

"दादा, अहो, मदत मागतायत ते," मी म्हणालो.

"मागं फांदी नाय, दगड नाय. खरा अडलेला मानूस पयला मागच्याचा जीव बघतो, मग आपली गाडी."

दोन दिवसांनी कळलं, त्याच जागी एका टेम्पोवाल्याला लुटलं होतं. त्यानंतर फांदीच्या नियमाबद्दल बसमध्ये कुणी शंका काढली नाही. माझा तर त्या नियमावर फारच विश्वास बसला. काय पाहायचं आणि मग काय करायचं, हे एकदा ठरलं की माझ्यासारख्याला बरं वाटतं.

दादांची मुलगी संगीता आणि जावई निलेश ओमानला, मस्कतमध्ये असतात. दादांची बायको वारल्यावर संगीता त्यांना सारखी बोलवत होती, पण त्यांना विमानाची धास्ती. शेवटी एका मे महिन्यात ते मला म्हणाले, "तुमी नि वैनी चला बरोबर. मी जल्मभर लोकांना नेला. मना पन कोनीतरी न्यायला पायजे." माझी रजा शिल्लक होती. मी आणि माझी बायको सुनंदा त्यांच्याबरोबर गेलो.

तिकडे एका सकाळी निलेश आम्हा तिघांना घेऊन सूर नावाच्या गावाकडे निघाला. दादा पुढे बसले होते. त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. समोरून काही आलं की दादांचा पाय आपोआप दाबला जाई. "रस्ता उलटा घातलाय यांनी," ते पुटपुटत. निलेश हसून म्हणायचा, "बाबा, ब्रेक माझ्याकडे आहे." ऊन चढलं तेव्हा आम्ही वाळवंटाच्या कडेने चाललो होतो.

तिथे रस्त्याच्या बाजूला एक गाडी बॉनेट उघडून उभी होती. एक माणूस दोन्ही हात हलवत होता. गाडीच्या हातभर सावलीत एक बाई, तिच्या खांद्यावर तान्हं मूल.

निलेशने वेग कमी केला. "बाबा, थांबायचं का? आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय. गाडी बंद पडल्याचं नाटक करतात, बाई-पोर पुढे करतात. आणि काही लचांड झालं तर माझी इथली नोकरी जाईल."

"अरे पण, उन्हात मूल आहे," सुनंदा म्हणाली.

मी दादांकडे पाहिलं. निर्णय दादांचा होता, हे जणू ठरलेलंच होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि गाडी मागे पडेपर्यंत मान वळवून पाहिलं. "मागं फांदी नाय. दगड नाय. चल."

आम्ही पुढे गेलो. गाडीत चांगला गारवा होता. बरेच किलोमीटर मागे पडले. मग सुनंदा हळूच म्हणाली, "दादा, पण इथे झाड कुठाय?"

दादांनी एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला. नजर पोचेल तिथवर वाळू होती. ठेवायला दगडसुद्धा नव्हता.

"निलेश, गाडी फिरव."

"इथे नाही फिरवता येत, बाबा. मध्ये कठडा आहे. पुढे वळण येईल तिथे."

वळण खूप लांब होतं. दादा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. "पानी हाय ना आपल्याकडं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

फिरून परत त्या जागी आलो, तेव्हा तिथे गाडी नव्हती. जागा ओळखू आली ती रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका प्लास्टिकच्या कॅनमुळे. त्यात गळ्यापर्यंत वाळू भरलेली होती आणि मुठीला लाल ओढणी बांधलेली होती.

"हा तवा व्हता?" दादांनी विचारलं.

निलेश म्हणाला, नव्हता, असता तर आपल्याला दिसला असता. सुनंदा म्हणाली, काहीतरी लाल दिसलं होतं खरं, पण ते तिला बाईच्या अंगावर वाटलं होतं. मी तेव्हा दादांच्या तोंडाकडे बघत होतो, मला काहीच सांगता येईना.

"खोटेच असतील, बाबा. हा कॅन म्हणजेसुद्धा लोकांना थांबवायची युक्ती असेल."

"खोटा मानूस उन्हात कॅनात वाळू भरत बसंल?" दादा म्हणाले. मग जरा थांबून स्वतःच म्हणाले, "पन खरी असती तर बाई ओढनी टाकून गेली नसती."

दादांनी कॅन उचलून रस्त्यापासून लांब नेला, ओढणी सोडली, तिची घडी केली आणि उडू नये म्हणून कॅनखाली ठेवली. पुढे सूरला आम्ही समुद्र पाहिला, पण तो कसा होता ते आता मला नीट आठवत नाही.

परत आल्यावर दादा बदलले. थांबलेली प्रत्येक गाडी त्यांना अडलेली वाटू लागली. पेणच्या रस्त्यावर कुणी फोनवर बोलायला मोटारसायकल बाजूला घेतली, तरी यांची स्कूटर त्याच्या शेजारी. "काय झाला?" "काय नाय काका, बायकोचा फोन हाय." एकदा तर झुडपाआड गेलेल्या माणसाची वाट बघत ते त्याच्या गाडीपाशी उभे राहिले होते, आणि तो बाहेर येऊन यांच्यावरच डाफरला. मी म्हणालो, "दादा, असं सगळ्यांसाठी थांबून कसं चालेल?" "मंग कसा वळखायचा, ते तुमी सांगा," ते म्हणाले. मी पुष्कळ विचार केला होता. थांबलो असतो तर काय, नसतो तर काय, दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं यायचं.

गेल्या वर्षी जित्याहून पेणला येताना दादांच्या छातीत कळ आली. कुणीतरी त्यांना आपल्या टेम्पोत घालून पेणच्या दवाखान्यात आणलं, आत पोचवलं आणि नाव न सांगता निघून गेला. निरोप मिळाल्यावर मी धावलो. त्यांनी मला जवळ बोलावलं. "सायेब, स्कूटर रस्त्यात ऱ्हायलीय. कोन आपटंल."

मी रिक्षा करून गेलो. स्कूटर स्टँडवर नीट उभी होती. तिच्या मागे दगड लावले होते आणि त्यांच्यावर एक हिरवी फांदी होती. मी दगड गवतात टाकले, फांदी कुंपणापलीकडे भिरकावली, स्कूटर घेऊन आलो आणि दादांना सगळं सांगितलं.

"फांदी? कोनी ठेवली?"

"तुम्ही नाही ठेवली?"

"मना आठवत नाय." त्यांनी उशीवरची मान माझ्याकडे वळवली. "मी ठेवली असंल, तर त्यो फांदी बघून थांबला. पन त्यानं ठेवली असंल, तर फांदी नसताना थांबला." मग माझा हात धरून म्हणाले, "मोडलेली व्हती का कोयत्यानं तोडलेली? माज्याकडं कोयता नव्हता."

मी तेवढं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथे गेलो. कुंपणापलीकडे शेळ्या चरत होत्या, जमिनीवर चार-दोन चुरगळलेली पानं पडली होती. राखणीला बसलेल्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "फांदी? चुलीला नेली असंल कोनी." जवळच्या चहावाल्यालाही टेम्पो आठवत नव्हता.

दादा त्याच रात्री गेले. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. फांदी सापडली नाही, टेम्पोवालाही कळला नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले होते. झोपले असावेत असं वाटून मी उठू लागलो.

"दगड उचललेत ना?"

"उचलले, दादा."

"मंग झाला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पन त्या वाळूत थांबून इचारायला पायजे व्हता त्याला."